कलाशाखेची पदवी आणि अक्षरांचा व्यवसाय

निकाल लागले की धार-देवासचे पालक विचारतात, “मास्तर, बी. ए. करून पुढे काय?” शिक्षक, कारकून, स्पर्धापरीक्षा, एवढ्यावर आमचे उत्तर आटोपते. गेल्या वर्षी मात्र मराठी घेऊन बी. ए. झालेल्या एका मुलीने मलाच निरुत्तर केले. तिच्या बहिणीच्या लग्नपत्रिकेत ‘येणाऱ्या’चे ‘येणार्या’ झाले होते. छापणाराने ‘हिंदीत असेच असते’ म्हणून हात झटकले. मुलीने विचारले, “सर, ही अक्षरे घडवितो कोण? आणि त्याला पगार कोण देतो?”

पत्रिकेतला दोष क्षुल्लक नव्हे. ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांतल्या. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, तो फारसीतून आपल्याकडे आलेला. रकाराचा आकार चुकला की डोंगराचा समुद्र होतो. आपले ल आणि श देखील हिंदी वळणाहून निराळे. महाराष्ट्र शासनाने २००९ साली त्यांचे प्रमाणरूप ठरवून दिले. संगणकावरील अक्षरसंचात, म्हणजे फाँटमध्ये, हे सारे अगोदरच बसवावे लागते. यंत्र चालविणे काही महिन्यांत येते. कोठे काय चुकेल हे ओळखण्यास भाषा वाचलेली असावी लागते.

इंग्लंडच्या फिओना रॉस यांचे उदाहरण घ्या. चित्रकलेतून नव्हे, तर भाषांच्या अभ्यासातून त्या या व्यवसायात आल्या. १९७८ ते १९८९ त्यांनी लायनोटाइप कंपनीत रोमनेतर लिप्यांचे काम पाहिले. भारतीय प्राचीन लिप्यांवर त्यांनी डॉक्टरेटही मिळविली. आनंदबाजार पत्रिकेची बंगाली अक्षरे त्यांच्याच देखरेखीखाली तयार झाली. आपल्याकडील र. कृ. जोशी (१९३६–२००८) उलट वाटेचे: शिक्षण चित्रकलेचे, पण मूळचे कवी. संगणकावर देवनागरी वाचणाऱ्याने त्यांचा ‘मंगल’ पाहिलेलाच असतो, नाव ठाऊक नसते इतकेच.

आणि देवासकरांनी दूर कशास जावे? १९७४ साली स्थापन झालेली बँक नोट प्रेस गावातच आहे. नोटेच्या मागील बाजूस पंधरा भाषांत रक्कम लिहिलेली असते. त्यांत मराठी आहे, उर्दूही आहे. बोटाएवढ्या जागेत नस्तालीक सुवाच्य बसविणे किती कठीण, हे मी विद्यार्थ्यांस भिंग देऊन दाखवितो.

वाट अशी. आयआयटी मुंबई दर जानेवारीत ‘सीड’ ही परीक्षा घेते. बारावीनंतर तीन वर्षांचे पदवीशिक्षण, मग शाखा कोणतीही असो, तिला चालते. वयाची अट नाही. मात्र प्रत्येक संस्थेचे प्रवेशनियम वेगळे असतात, ते आधी वाचावेत. रेखाटनास पर्याय नाही. कलाशाखेची मुले येथेच अडतात. सरावासाठी ‘मुक्ता’सारखे फाँट फुकट मिळतात. केवळ अक्षरे घडविण्याच्या नोकऱ्या थोड्या, हे मी पालकांपासून लपवीत नाही. पुस्तकांची मांडणी, पाठ्यपुस्तके, वृत्तपत्रे आणि वेष्टने यांत काम त्याहून पुष्कळ.

त्या मुलीचे वडील अद्याप पुरते राजी नाहीत. ती सकाळी शिकवण्या घेते, दुपारी रेखाटनाचा सराव करते. तिच्या परीक्षेच्या शुल्काचा अर्ज मी ट्रस्टच्या शिष्यवृत्ती समितीकडे दिला आहे.