मिथेनॉलनिर्मितीतील समतोल

‘समतोल’ म्हणताच तराजूची स्थिर पारडी डोळ्यांपुढे येतात. रासायनिक समतोल मात्र स्थिर नव्हे. त्यात पदार्थ ज्या वेगाने घडतो त्याच वेगाने विघटित होत असतो. मिथेनॉल हे उद्योगांत लागणारे विषारी अल्कोहॉल याचे उत्तम उदाहरण होय.

कार्बन मोनॉक्साइडचा एक आणि हायड्रोजनचे दोन रेणू मिळून मिथेनॉलचा एक रेणू होतो व उष्णता बाहेर पडते. ल शातल्ये यांनी १८८४ मध्ये मांडलेल्या तत्त्वानुसार, लादलेला बदल सौम्य होईल अशा दिशेने समतोल सरकतो. म्हणून दाब वाढविल्यास मिथेनॉल वाढते, तापमान वाढविल्यास घटते. परंतु तापमान फार उतरविले तर विक्रियाच मंदावते.

ही कोंडी उत्प्रेरकाने सुटते. तो समतोल हलवीत नाही, लवकर गाठून देतो. त्यामुळे कमी तापमान परवडते. १९२३ मध्ये जर्मनीत ३०० ते ४०० अंश सेल्सियस तापमान आणि हवेच्या २५० ते ३५० पट दाब लागे. १९६६ मध्ये इंग्लंडात तांबेयुक्त उत्प्रेरक आल्यावर २०० ते ३०० अंश व ५० ते १०० पट दाब पुरू लागला.

बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात कार्बन डाय-ऑक्साइडपासून मिथेनॉल करणाऱ्या उत्प्रेरकांवर संशोधन झाले आहे. येथे चार रेणूंचे दोन होतात, नियम तोच. मात्र हायड्रोजन व दाब यांसाठी कोळसाच जाळावा लागला, तर हवेतून वाचविलेला कार्बन पुन्हा हवेतच जाईल. सौम्य तापमान-दाबाचा शोध म्हणूनच महत्त्वाचा ठरतो.