शिडीवर तुम्ही कुठे?

कागदावर दहा पायऱ्यांची शिडी. सर्वांत वर पैसा, शिक्षण आणि नोकरीत पुढे असलेले लोक. तळाशी मागे राहिलेले. ‘तुम्ही कोणत्या पायरीवर?’ अमेरिकी मानसशास्त्रज्ञ नॅन्सी ॲडलर यांची ही साधी चाचणी आज अनेक देशांत वापरली जाते.

शेल्डन कोहेन आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात निरोगी स्वयंसेवकांच्या नाकात सर्दी-फ्लूचे विषाणू सोडले. स्वतःला खालच्या पायरीवर मानणारे जास्त आजारी पडले. प्रत्यक्ष उत्पन्न आणि शिक्षण हिशेबात धरूनही हा फरक उरला.

समाजात आपण कोणत्या पायरीवर आहोत या जाणिवेचा परिणाम बुद्धीच्या कामावरही होतो. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या गावांमधल्या सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची भूलभुलैयाची कोडी सोडवायला दिली. जात उघड झाली नव्हती, तेव्हा सवर्ण आणि दलित मुलांची कामगिरी जवळपास सारखीच होती. मग काही गटांत प्रत्येकाचं नाव, गाव, वडील-आजोबांचं नाव आणि जात सर्वांसमोर वाचून दाखवली. मुलांना फक्त होकार द्यायचा होता.

तेवढ्यानं दलित मुलांनी सोडवलेल्या कोड्यांची संख्या लक्षणीय घटली.

वर्गात हजेरी घेताना किंवा शिष्यवृत्तीचे अर्ज भरून घेताना मुलांची जात मोठ्यानं विचारणाऱ्या प्रत्येक शाळेनं हा प्रयोग गांभीर्यानं घ्यायला हवा. ही माहिती पालकांकडून खासगीतही घेता येते.