रक्तदाबाच्या गोळीचे पहिले आठवडे

रक्तदाब हा व्याधि मोठा मौनी आहे. तो वाढला तरी बहुधा कांहीं दुखत नाहीं कीं खुपत नाहीं. त्यावरील गोळी सुरू झाली म्हणजे मात्र नाना तक्रारी उद्भवतात. मग रोग्यास वाटतें, रोग होता तोंवर मी बरा होतों, औषधानेंच आजारी पडलों. हा भ्रम प्रस्तुत लेखकासहि झाला, म्हणून हा लेखनप्रपंच.

गतवर्षीं डॉक्टरांनीं मला गोळी सुरू केली. पांचव्या दिवशीं पहांटे अंथरुणांतून उठलों तों डोळ्यांपुढें अंधारी आली. दाराची चौकट हातीं लागली म्हणून पडलों नाहीं. जन्मभर मुलांना "शंका असेल तर विचारा" असें बजावीत आलेला हा मास्तर! पण डॉक्टरांस विचारण्याऐवजीं मीं मनाशींच निकाल दिला आणि रोजची गोळी जुन्या चष्म्याच्या घरांत टाकूं लागलों.

तीन आठवड्यांनीं तपासणी झाली. वरचा आंकडा १७८. गोळी लागू पडत नाहीं असें समजून डॉक्टर मात्रा दुप्पट लिहूं लागले, तोंच सूनबाईंनीं पिशवींतून तें चष्म्याचें घर काढून मेजावर ठेवलें. "मामंजी, रागावूं नका," एवढेंच त्या म्हणाल्या. आंतून सतरा गोळ्या निघाल्या. डॉक्टर हंसले नाहींत. ते म्हणाले, "एका मात्रेनें तुम्हांस भोंवळ येत होती, मीं दुप्पट लिहिली असती आणि ती तुम्हीं खरोखर घेतली असती, तर?"

भोंवळीचें कारण त्यांनीं समजावून दिलें. माणूस उभा राहिला कीं रक्त पायांकडे उतरतें. मानेंतील रक्तवाहिन्यांत दाब जोखणारीं सूक्ष्म ज्ञानतंतूंचीं टोंकें असतात. तीं लागलीच इशारा देऊन दाब सांवरतात. चढ्या दाबास सरावलेल्या शरीरांत, विशेषतः उतारवयांत, हा इशारा मंदावतो. उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आंत वरचा आंकडा २० किंवा अधिक उतरला, तर डॉक्टर त्याची दखल घेतात. प्राझोसिन नांवाच्या औषधाच्या पहिल्याच मात्रेनें कित्येकांस मूर्च्छा येई. म्हणून ती अल्प देऊन निजतेवेळीं घ्यावयास सांगतात.

वनस्पतीचें औषध निरुपद्रवी, असें मानणारे आपल्यांत पुष्कळ आहेत. त्यांनीं सर्पगंधेचा इतिहास पाहावा. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनीं १९४९ सालीं ब्रिटिश हार्ट जर्नलमध्यें ५० रोग्यांवरील तिचा प्रयोग प्रसिद्ध केला. १९५२ सालीं बाझेल येथील सीबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनीं तिच्या मुळांतून रेसर्पिन वेगळें काढलें. जगभर तें वापरलें गेलें. पण नाक चोंदणें, सुस्ती, आणि मात्रा अधिक झाल्यास कित्येकांस घोर खिन्नता, हेहि अनुभवास आलें.

नांवाच्या शेवटीं 'प्रिल' असलेल्या गोळ्यांची गंमत निराळी. त्यांतील कॅप्टोप्रिल हें ब्राझिलमधील एका सर्पाच्या विषाच्या अभ्यासांतून निघालें व १९८१ सालीं अमेरिकेंत मान्य झालें. या गोळ्यांनीं कांहींना कोरडा खोकला लागतो, आणि बापडे महिनेच्या महिने ज्येष्ठमध चघळीत बसतात! डॉक्टरांनीं गोळी बदलली म्हणजे तो बहुधा एक ते चार आठवड्यांत जातो. मात्र ओंठ, जीभ वा चेहरा सुजल्यास क्षणभरहि न थांबतां दवाखाना गांठावा. क्लोनिडिनसारखी गोळी एकाएकीं सोडली, तर दाब उसळी मारून पूर्वींपेक्षांहि वर जाऊं शकतो.

माझी गोळी आतां मात्रा कमी करून रात्रीं दिली आहे. पहांटे मिनिट दोन मिनिटें खाटेच्या कडेवर बसून मगच उठतों. यंदा आमच्या सौभाग्यवतींना अॅम्लोडिपिन सुरू झालें, आणि सायंकाळीं घोटे सुजून चपलेचा पट्टा रुतूं लागला. "वयच झालें," असें त्या म्हणाल्या. मीं दुसऱ्याच दिवशीं त्यांस घेऊन डॉक्टरांकडे गेलों. गोळी बदलली, सूज उतरावयास दहा-बारा दिवस लागले. तें चष्म्याचें घर मात्र सूनबाईंनीं मला अद्याप परत दिलेलें नाहीं.