जन्मजात विशाल तीळ

जन्मजात विशाल तीळ : (महान्यच्छ). कृष्णरंजक (मेलॅनीन) तयार करणाऱ्या कोशिकांच्या समूहामुळे त्वचेवर जन्मतः असणारा तपकिरी वा काळा विस्तृत डाग. प्रौढपणी ज्याचा व्यास २० सेंमी. वा अधिक होईल, अशा तिळास ही संज्ञा लावतात. सु. २०,००० नवजात बालकांमागे एकात तो आढळतो. पुष्कळदा तो जाड व केसाळ असतो. गर्भावस्थेच्या आरंभी एखाद्या कोशिकेतील जनुकात घडलेला बदल हे त्याचे कारण असून तो सामान्यतः आनुवंशिक नसतो. ग्रहणकाळी गर्भवतीने काही चिरल्यामुळे असा डाग येतो, ही समजूत निराधार आहे. त्यासाठी मातेस दोष देणे अन्यायाचे होय.

या तिळात मारक अर्बुद (कर्करोग) होण्याचा धोका सर्वसाधारण त्वचेपेक्षा अधिक असला, तरी बहुतेक रुग्णांत तसे घडत नाही. तिळाच्या कोशिका खोलवर पसरलेल्या असल्याने शस्त्रक्रियेने हा धोका नाहीसा होत नाही. म्हणून रूप सुधारणे हाच तिचा मुख्य हेतू असतो आणि शस्त्रक्रिया न करणे हाही एक ग्राह्य पर्याय ठरतो.

शस्त्रक्रिया : मध्यम आकाराचा तीळ काही महिन्यांच्या अंतराने टप्प्याटप्प्याने छेदून कडा जोडतात. त्वचारोपणात मांडीवरील वा अन्य ठिकाणची त्वचा वापरतात; परंतु ती आकसते व तिचा रंग वेगळा दिसतो. ऊतक-विस्तारणात लगतच्या निरोगी त्वचेखाली सिलिकोनची पिशवी बसवून तीत साधारणतः दर आठवड्यास सलाइन भरतात व काही आठवड्यांनी वाढलेली त्वचा तिळाच्या जागी ओढून घेतात. चेदोमिर रादोवान यांनी ही पद्धती १९७६ मध्ये अमेरिकेत वापरली. जंतुसंसर्ग हा तिचा प्रमुख धोका होय. चेहऱ्यासाठी रक्तपुरवठा कायम ठेवून शेजारची त्वचा वळवितात. पुण्याजवळ १७९३ च्या सुमारास कावसजी या गाडीवानाचे नाक याच तत्त्वाने कपाळावरील त्वचेपासून घडविले होते; ते वृत्त १७९४ मध्ये लंडनच्या जेंटलमन्स मॅगझिनमध्ये प्रसिद्ध झाले. लेसरने वा खरवडून रंग फिका होतो, पण तो परत येऊ शकतो.

पुणे जिल्ह्यातील बारामती व इंदापूर या तालुक्यांसारख्या भागांत पर्यायाची निवड अंतरावरही अवलंबून असते. पुण्यापासून बारामती सु. १०० किमी., तर इंदापूर त्याहून दूर आहे. विस्तारणासाठी दर आठवड्यास पुण्यास जाणे म्हणजे मजूर कुटुंबाची रोजी बुडणे होय. बारामतीस २०१९ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. जखमेची देखभाल व नियमित तपासणी जवळच होऊ शकल्यास अशा कुटुंबांचा भार हलका होतो. तिळात गाठ, व्रण वा रक्तस्राव दिसल्यास मात्र विलंब न लावता तज्ञास दाखविणे आवश्यक असते. शस्त्रक्रियेनंतरही ही दक्षता आयुष्यभर घ्यावी लागते.