सर्व्हरांची खुशाली

परगावी नोकरीस गेलेल्या मुलाचे दर आठवड्यास येणारे खुशालीचे पत्र एखाद्या आठवड्यात आले नाही, की घरची माणसे दोन तर्क करतात: मुलगा आजारी असावा, किंवा टपाल तरी अडले असावे. त्यांतील खरा कोणता, हे घरबसल्या कळावयास मार्ग नसतो. अनेक संगणक एकत्र जोडून चालविलेल्या सर्व्हर-समूहावर देखरेख ठेवणाऱ्यांपुढेही नेमकी हीच अडचण उभी असते.

अशा समूहातील प्रत्येक सर्व्हर ठराविक अंतराने ‘मी चालू आहे’ असा लहानसा संदेश पाठवीत असतो. त्यास ‘हार्टबीट’, म्हणजे हृदयाचा ठोका, असे नाव आहे. काही ठोके ओळीने चुकले, की तो सर्व्हर बंद पडला असे धरून त्याचे काम दुसऱ्याकडे सोपविले जाते. वाट किती वेळ पाहावयाची, हाच खरा पेच होय. थोडा वेळ पाहिली, तर केवळ मंदावलेला सर्व्हर मृत ठरतो. फार वेळ पाहिली, तर लोक ताटकळत राहतात. संदेशास लागणाऱ्या वेळेला मर्यादाच नसेल, तर एखादे यंत्र बंद पडण्याचा संभव असताना उरलेल्यांचे एकमत हमखास घडवील अशी ठरीव रीत असू शकत नाही, हे फिशर, लिंच आणि पॅटरसन यांनी १९८५ साली गणिताने सिद्ध केले.

तथापि व्यवहारात वाट निघते. कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी २००२ साली मांडलेल्या ‘स्विम’ या रीतीत, एका सर्व्हरास दुसऱ्याकडून उत्तर मिळाले नाही, तर तो आणखी काही जणांस त्याची विचारपूस करावयास सांगतो. त्यांपैकी कोणास उत्तर मिळाले, तर दोष सर्व्हराचा नसून मधल्या वाटेचा, हे उघड होते.

परंतु वाटच तुटली असता काय करावे, हे ठरविणे निराळे. संगणकाच्या प्रोग्रॅमांचे मोठे भांडार असलेल्या ‘गिटहब’ या अमेरिकन संस्थेस त्याचा अनुभव २१ ऑक्टोबर २०१८ रोजी आला. बिघडू लागलेले एक प्रकाशीय उपकरण बदलताना, पूर्व किनाऱ्यावरील जालकेंद्र व तेथील मुख्य डेटा सेंटर यांमधील संपर्क अवघे ४३ सेकंद तुटला. तेवढ्यात देखरेखीच्या प्रणालीने बहुमताने निर्णय घेऊन नव्या नोंदी पश्चिम किनाऱ्याकडे वळविल्या. पूर्वेकडील सर्व्हर मात्र जिवंत होते, आणि काही सेकंदांच्या नोंदी केवळ त्यांच्याचपाशी राहिल्या होत्या! संपर्क पूर्ववत झाला; पण तोवर दोन्ही किनाऱ्यांच्या वह्या जुळेनाशा झाल्या होत्या. पश्चिमेकडे सुमारे ४० मिनिटे नव्या नोंदी होत राहिल्याने मागे फिरणेही सोपे उरले नाही. सेवेस विलंब झाला तरी चालेल, पण नोंदी गमावू नयेत, असे अभियंत्यांनी ठरविले; ते योग्यच म्हटले पाहिजे. जतन केलेल्या प्रतींवरून सर्व पुन्हा उभारण्यास व सेवा पूर्ववत होण्यास २४ तास ११ मिनिटे लागली. अतिशय गजबजलेल्या एका समूहात अशा न जुळलेल्या ९५४ नोंदी निघाल्या.

यंत्राने नियम कोठेच मोडला नव्हता. म्हणून संस्थेने नियमच बदलावयाचे ठरविले: मुख्य सर्व्हराचे पद एका किनाऱ्यावरून दुसऱ्यावर आपोआप जाऊ नये.