सूर्याचा शनीवरील अंमल

सूर्याचे तेज मावळून तो उद्या, आहे तेवढ्याच वस्तुमानानिशी, तीन किलोमीटर त्रिज्येच्या कृष्णविवरात आकुंचन पावला, तर पृथ्वीवर काळोख पसरेल, परंतु तिच्या कक्षेत तसूभरही फरक पडणार नाही. कारण न्यूटनने १६८७ साली ‘प्रिन्सिपिया’त मांडलेल्या नियमाप्रमाणे तारा आणि ग्रह यांच्या परस्पर आकर्षणाचा सारा हिशेब दोघांच्या वस्तुमानांवर आणि त्यांच्यामधील अंतराच्या वर्गावर चालतो, आणि तेथे आकार, उष्णता वा प्रकाश यांची दखल घेतली जात नाही. वस्तुमान दुप्पट झाले की ओढ दुप्पट होते. अंतर दुप्पट झाले की ती चतुर्थांशावर येते.

या नियमाची खरी गोडी शनीचा हिशेब मांडल्यावाचून कळत नाही. शनी सूर्यापासून पृथ्वीच्या सुमारे साडेनऊ पट दूर, म्हणजे केवळ अंतर पाहता त्याच्यावरील ओढ नव्वदाव्या हिश्श्याच्या आसपास उतरावयास हवी. परंतु त्याचे वस्तुमान पृथ्वीच्या ९५ पट असल्यामुळे ही तूट भरून निघते, आणि इतक्या दूरच्या मुलखातील त्या ग्रहावर सूर्य जवळजवळ पृथ्वीवर लावतो तेवढाच जोर लावीत असतो, ही गोष्ट मला आजही विलक्षण वाटते. मग त्याला एका प्रदक्षिणेस साडेएकोणतीस वर्षे का लागावीत, आणि पंचांगात एकेका राशीत त्याचा मुक्काम अडीच-अडीच वर्षे का असावा? जोर तेवढाच, पण वळवावयाचे धूड ९५ पट जड, आणि वाटही साडेनऊ पट लांब. त्याच्या जागी आपली पृथ्वी ठेवली असती तर तिच्यावरील ओढ क्षीण झाली असती, धूडही हलके असते, आणि तिलाही तितकीच वर्षे लागली असती.

अंतराच्या वर्गाचा प्रभाव आपल्या कक्षेतही दिसतो. जानेवारीच्या प्रारंभी पृथ्वी सूर्यापासून सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटरांवर असते, जुलैच्या प्रारंभी १५ कोटी २१ लाखांवर. अंतरातला हा फरक साडेतीन टक्क्यांहूनही कमी, तरी ओढ जानेवारीत जुलैपेक्षा सुमारे सात टक्क्यांनी अधिक भरते.

शिवाय हा मामला एकतर्फी नाही. ग्रहही ताऱ्याला तितक्याच जोराने ओढतो, आणि ताऱ्याच्या त्या सूक्ष्म डोलण्यावरूनच १९९५ साली मिशेल मेयर आणि दिदिए केलो यांनी ५१ पेगासी या ताऱ्याचा ग्रह हुडकून काढला: वस्तुमान गुरूच्या निम्म्याच्या आसपास, पण ताऱ्यापासूनचे अंतर पृथ्वी-सूर्य अंतराच्या अवघे विसाव्या हिश्श्याइतके, म्हणून गुरू सूर्याला जितक्या वेगाने डोलवतो त्याच्या चौपटीहून अधिक वेगाने तो आपल्या ताऱ्याला डोलवीत होता.