हँडल आपल्या हाताला!

मैत्रिणींनो, स्वयंपाकघरातला ओटा उंच झाला तर आपण काय करतो? पायाखाली पाट घेतो. ठेंगणा झाला तर? वर्षानुवर्षं वाकून पोळ्या लाटतो आणि रात्री कंबरेला मलम चोळतो. ओटा चुकलाय असं कुणी म्हणत नाही. ‘तुझीच कंबर नाजूक’ हेच ऐकावं लागतं. दुचाकीचंही अगदी असंच असतं, हे मला माझ्या पुतणीमुळे कळलं.

ती आमच्या माहीमहून रोज बोईसरला कारखान्यात नोकरीला जाते. शिफ्टच्या वेळा एसटीशी जुळेनात, म्हणून वडिलांची मोटारसायकल चालवू लागली. संध्याकाळी घरी आली की मनगटं चोळत बसायची. “काकी, मान आखडते गं. हँडलपर्यंत हात पुरवायचा म्हणजे ओणवंच व्हावं लागतं.” आम्ही म्हणायचो, होईल सवय. सवय काही झाली नाही.

मग तिने कुठूनसं रायझर आणले. रायझर म्हणजे धातूचे छोटे ठोकळे. हँडल ज्या पकडीत बसवलेलं असतं, तिच्याखाली ते लावले की हँडल दोन-तीन सेंटिमीटर वर येतं. पुढचा फोर्क मागे झुकलेला असल्यामुळे ते थोडंसं आपल्याकडेही सरकतं. उंची किंवा हात कमी असणाऱ्या बाईला एवढा फरकही पुष्कळ होतो. पाठ सरळ राहते, कोपरं किंचित वाकलेली, खांदे सैल. शरीराचा भार मनगटांवर येत नाही. शिवाय ताठ बसलेली मुलगी कशी रुबाबदार दिसते! “काकी, आता गाडी माझी वाटते,” असं ती म्हणाली तेव्हा मलाही कौतुक वाटलं.

पण चौथ्याच दिवशी वाडीच्या अरुंद गल्लीत तिने गाडी वळवायला हँडल पूर्ण फिरवलं आणि हात न लावता इंजिन एकदम रेस झालं. गाडी उसळून पानवेलींच्या कुंपणात घुसली. गुडघा सोलवटला, बाकी निभावलं. मागे बसायला निघालेल्या माझ्या जाऊबाई दोन पावलं दूर होत्या, म्हणून वाचल्या.

घरात लगेच सुरू झालं, “मुलीच्या हाती मोटारसायकल दिलीच कशाला?” नोकरी सोडण्यापर्यंत गोष्ट गेली. मी म्हटलं, आधी गाडी तर दाखवू. दुसऱ्या मेकॅनिकने पाहताक्षणी सांगितलं, हँडल वर गेलं, पण अ‍ॅक्सिलरेटरची केबल तेवढीच राहिली. हँडल वळलं की ती ताणली जाते आणि अ‍ॅक्सिलरेटर आपोआप ओढला जातो. पहिल्या गॅरेजवाल्याने हे तपासलंच नव्हतं. चूक केबलची, आणि बोल मात्र पोरीला!

त्याने कमी उंचीचे रायझर बसवले, केबल मोकळी केली. पुतणी आजही त्याच गाडीने कामाला जाते.

म्हणून सांगते, तुम्ही स्वतः चालवत असा, नाहीतर मुलाने हट्ट धरला असो, चार गोष्टी लक्षात ठेवा. आधी बिनखर्चाचा उपाय करून पाहा. बऱ्याच मोटारसायकलींचं हँडल पकडीत सैल करून थोडं मागे फिरवता येतं, क्लच-ब्रेकच्या दांड्यांचा कोनही बदलता येतो. रायझर लावलेच, तर गाडी न्यूट्रलमध्ये उभी करून इंजिन चालू ठेवा आणि हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवा. आवाज वाढला किंवा ब्रेकची नळी, क्लचची केबल, वायरी ताणल्या गेल्या, तर ती गाडी रस्त्यावर आणू नका. बोल्ट नीट आवळलेत ना, हे काही दिवसांनी पुन्हा पाहून घ्या. आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत मनाने फेरबदल करू देत नाही, तेव्हा आरटीओत आणि विमा कंपनीकडे आधी विचारलेलं बरं.

स्टाइलचं म्हणाल, तर १९६९ सालच्या ‘ईझी रायडर’ या अमेरिकन चित्रपटात नायकाच्या गाडीचं हँडल उंचच उंच होतं. पडद्यावर ते छान दिसतं. पण हात खांद्यापर्यंत वर धरून पालघर-बोईसरचा रस्ता कापायचा म्हणजे हातांना मुंग्याच येणार. हँडल फार वर गेलं की पुढच्या चाकावरचा भार कमी होतो, वळण्याचा अंदाज बदलतो. रविवारी केळव्याच्या किनाऱ्याकडे निघालेल्या मुलांनाही हे सांगायला हवं.

ओटा असो की हँडल, वस्तू आपल्या मापाची करून मागण्यात लाज कसली? फक्त ती नीट बसवली आहे ना, हे स्वतः उभं राहून पाहायला शिकूया. म्हणजे उद्या काही बिघडलं, तर घरातली पोर घरी बसवण्याआधी आपण केबल तपासू!